दुरुस्तीनंतरचे तीन बिघाड

समजा, इस्लापूरच्या एका जीपचा क्लच कालच बदलला. आज स्टार्टर मंद फिरतो, तापमानाचा काटा भलतेच दाखवतो, बॅटरीही नीट चार्ज होत नाही. तीन भाग एकाच रात्रीत बिघडले? आधी विचारावे, कालच्या कामात कशाला हात लागला? गिअरबॉक्स उतरवताना बहुधा इंजिन व सांगाडा जोडणारी अर्थिंगची पट्टी सोडली असेल. तिन्ही भागांच्या विद्युतधारेची वाट तीच. पट्टी सैल राहून तेथे अवघा ०.०५ ओहम रोध आला, तरी स्टार्टरच्या १०० अँपिअर धारेला १२ पैकी ५ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. स्टार्टर फिरत असताना इंजिन व बॅटरीचे ऋणाग्र यांच्यात व्होल्टमीटर लावावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसल्यास, नवी बॅटरी घेण्याआधी पट्टी घासून आवळून पाहावी. ओहमचा नियम शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.