आरसा मोठा, दृष्टी मात्र धूसर

ताऱ्यांचे लुकलुकणे कवींना मोहवते. ज्योतिर्विदांना मात्र ते शतकानुशतके जाचत आले आहे. ताऱ्याचा प्रकाश अफाट अंतर तोडून सुखरूप येतो आणि अखेरच्या काही किलोमीटरांत, हवेच्या उष्ण-शीत थरांत सापडून विस्कटतो. न्यूटनने १७०४ सालच्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात हा दोष ओळखला होता आणि उंच पर्वतशिखरांवरील शांत हवा हाच त्यावर उपाय सांगितला होता. त्याप्रमाणे वेधशाळा डोंगरांवर गेल्या. तथापि दोष उरलाच.

आरशाचा व्यास वाढवला की प्रकाश अधिक मिळतो, अंधूक तारेही दिसू लागतात. परंतु चित्राचा रेखीवपणा दहा-वीस सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीपलीकडे फारसा जात नाही. प्रचंड आरशांचे हे सामर्थ्य अक्षरशः हवेतच विरत होते.

हवा बदलता येत नसेल, तर दुर्बिणीनेच तिच्याशी जुळवून घ्यावे, असा विचार होरेस बॅबकॉक या अमेरिकन ज्योतिर्विदाने १९५३ साली मांडला. प्रकाशलहरींतील बिघाड क्षणोक्षणी मोजायचा आणि लवचिक आरसा त्याबरहुकूम वाकवून तो निस्तरायचा, ही ती 'अनुकूली प्रकाशिकी'. लांब तरंगांच्या अवरक्त प्रकाशात ती तुलनेने सुकर ठरली. दृश्य प्रकाशाचे तरंग आखूड. तेथे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी चूकही चित्र बिघडवते.

चिलीतील साडेसहा मीटर व्यासाच्या मॅगेलन दुर्बिणीवर २०१२ पासून हे अवघड काम साधू लागले. तेथील दुय्यम आरसा ८५ सेंटिमीटर रुंद, पण जाडी अवघी १.६ मिलिमीटर. तो ५८५ ठिकाणी, सेकंदाला सुमारे हजार वेळा आकार बदलतो. मृगातील तेजोमेघात केवळ ०.०३२ विकला अंतरावरील दोन तारे त्यामुळे वेगळे दिसले. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, हे ध्यानात घेतले म्हणजे या यशाची कल्पना येते.

मात्र ही किमया केवळ महाकाय दुर्बिणींची मिरासदारी नव्हे. पुण्याच्या 'आयुका' आणि अमेरिकेच्या 'कॅल्टेक' या संस्थांनी मिळून 'रोबो-एओ' ही स्वयंचलित यंत्रणा सिद्ध केली. पालोमारच्या दीड मीटर व्यासाच्या जुन्या दुर्बिणीवर ती बसवण्यात आली. लेसरने आकाशात कृत्रिम तारा निर्माण करून तिने दृश्य प्रकाशात केप्लर अवकाश-दुर्बिणीने हेरलेले ७१५ तारे तपासले. या ताऱ्यांभोवती ग्रह असावेत असा कयास होता. पण शेजारी दुसरा तारा दडलेला असेल, तर ग्रहाच्या आकाराचे गणितच चुकते.

या तंत्राने आकाशाचा लहानसा तुकडाच रेखीव होतो. म्हणून अवकाशातील दुर्बिणी अनावश्यक ठरत नाहीत. परंतु जमिनीवरच्या दुर्बिणीत दरवर्षी सुधारणा करता येते, हा लाभ लहान नव्हे. मर्यादित साधनांच्या देशाने मोठ्या आरशाचे स्वप्न अवश्य पाहावे. पण हाती असलेल्या आरशाची दृष्टी आधी स्वच्छ करावी, यातच खरे शहाणपण आहे.