रंगाचा नाका
घरात, गोठ्यात व पाणवठ्यावर उपयोगी पडणाऱ्या रंगबदलाच्या चाचण्या

हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जिल्ह्याच्या सीमेलगत कनेरगाव नाका हे गाव आहे. अकोला-पूर्णा लोहमार्गावरील ते एक स्थानकही होय. १९४८ पर्यंत या मुलखात एका बाजूस निजामाचे हैदराबाद संस्थान व दुसऱ्या बाजूस वऱ्हाड असे दोन निराळे कारभार होते. पुढे परभणी जिल्ह्यात असलेला हा प्रदेश १ मे १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात मोडतो. सीमा बदलल्या, कारभार बदलले. गावाच्या नावातील नाका मात्र कायम राहिला.

नाक्याचे काम सर्वांस ठाऊक आहे. आलेली गाडी थांबवावयाची, आत काय आहे ते पाहावयाचे आणि संशय आल्यास तिला पुढे कचेरीकडे पाठवावयाचे. नाकेदार निवाडा देत नाही; तो वेळेवर थांबवितो. रोगाच्या बाबतीतही असा नाका घरोघरी व गोठ्यागोठ्यांत बसविता येतो. त्यासाठी यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. रंग बदलणारी कागदाची लहानशी पट्टी किंवा औषधाचे चार थेंब पुरेसे होतात. परंतु त्या रंगाचा अर्थ व त्याची मर्यादा, ही दोन्ही नीट समजली पाहिजेत.

हळदीने घालून दिलेला धडा

हिंगोली जिल्हा हा हळदीचा जिल्हा होय. हळद काढणे, शिजविणे, वाळविणे व पॉलिश करणे ही कामे येथील शेतकरी कुटुंबांच्या अंगवळणी पडलेली आहेत. हळदीचा डाग पडलेल्या वस्त्रास साबण लावताच तो तांबडा होतो व स्वच्छ पाण्याने धुतल्यावर पुन्हा पिवळा दिसू लागतो, हा अनुभव प्रत्येक गृहिणीस आहे. पारंपरिक कुंकू हळदीस चुना, टाकणखार यांसारखे पदार्थ लावूनच तयार होत असे. यामागील कारण एकच आहे. हळदीतील कुर्क्युमिन हे रंगद्रव्य आम्ल पदार्थात पिवळे राहते व अल्कधर्मी पदार्थात तांबूस होते. हे द्रव्य १८१५ साली फ्रान्समध्ये प्रथम वेगळे करण्यात आले. हळदीत बुडवून वाळविलेला कागद रसायनशाळांतून पुष्कळ काळ वापरला गेला.

हा प्रयोग महिला बचत गटाच्या बैठकीत किंवा शाळेत सहज करून दाखविता येतो. चमचाभर हळद थोड्या स्पिरिटमध्ये कालवावी, तीत टीपकागदाच्या पट्ट्या बुडवाव्यात व सावलीत वाळवाव्यात. स्पिरिट पेट घेते, म्हणून हे काम चुलीपासून दूर करावे. वाळलेली पट्टी चुन्याच्या निवळीत बुडविताच तांबडी होते व तिच्यावर लिंबू पिळताच पुन्हा पिवळी होते. मात्र अशा पट्टीने कोणताही रोग ओळखण्याचा प्रयत्न करू नये. तिचा उपयोग तत्त्व समजावून देण्यापुरताच आहे. तत्त्व असे की, डोळ्यांस न दिसणारा फरक रंगाच्या रूपाने दिसू लागतो.

गरोदर स्त्रीची लघवी तपासणी

या तत्त्वाचा सर्वांत मोलाचा उपयोग मातेच्या बाबतीत होतो. गर्भारपणाचे पाच महिने उलटल्यानंतर काही स्त्रियांचा रक्तदाब वाढतो व लघवीतून प्रथिन जाऊ लागते. आरंभी त्या स्त्रीस काहीच जाणवत नाही. पायांवर थोडी सूज दिसली तरी ‘दिवस भरत आले की असे होतेच’ असे म्हणून घरची मंडळी ती मनावर घेत नाहीत. रोग बळावल्यास झटके येतात आणि माता व बालक दोघांचेही प्राण धोक्यात येतात. झटके येईपर्यंत वाट पाहणे व त्यापूर्वीच दवाखाना गाठणे, यांतील अंतर पुष्कळदा एका पट्टीइतके असते.

लघवीत बुडवावयाच्या पट्टीवर औषध लावलेले छोटे चौकोन असतात. प्रथिनाच्या चौकोनातील रंगद्रव्य स्वभावतः पिवळे असते. लघवीत प्रथिन असल्यास ते हिरवट व प्रमाण वाढल्यास निळसर होते. साखरेच्या चौकोनात दोन विकरे म्हणजे एन्झाइमे असतात. पहिले विकर फक्त द्राक्षशर्करेवर काम करते व त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होते. दुसरे त्या पेरॉक्साइडच्या साह्याने रंग पालटविते. जिवंत शरीरात घडणारी क्रियाच अशा रीतीने कागदावर आणून बसविलेली आहे. साखरेची अशी पट्टी १९५६ साली अमेरिकेत बाजारात आली. तत्पूर्वी बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवी घालून ती उकळावी लागे व निळा रंग हिरवा, पिवळा की विटकरी होतो ते पाहावे लागे. शेगडी, नळी व द्रावण यांची जागा पट्टीने घेतली, म्हणूनच ही तपासणी खेड्यापर्यंत पोहोचू शकली.

तपासणीची रीत येणेप्रमाणे आहे. स्वच्छ व कोरड्या भांड्यात ताजी लघवी घ्यावी. सुरुवातीची धार सोडून मधली घेणे चांगले. पट्टीच्या चौकोनांस बोट लावू नये. पट्टी क्षणभर बुडवून काढावी, तिची कड भांड्याच्या काठास लावून जास्तीची लघवी निथळू द्यावी व पट्टी आडवी धरावी. डबीवर जेवढे सेकंद छापलेले असतील तेवढे घड्याळात मोजावेत आणि उजेडात, डबीवरील रंगांशी ताडून पाहावे. उशिरा पाहिलेला रंग खोटा असू शकतो. पट्टी काढल्यावर डबीचे झाकण लगेच घट्ट लावावे, कारण दमट हवेने राहिलेल्या पट्ट्या निकामी होतात.

प्रथिनाचा रंग दिसल्यास त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब मोजून घ्यावा. रंग न दिसला तरी डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, बरगड्यांखाली पोटात दुखणे, चेहरा व हात सुजणे यांपैकी काहीही आढळल्यास पट्टीवर विसंबून राहू नये. रोग असूनही पट्टी कोरी राहू शकते. साखरेबाबतही तसेच आहे. गरोदरपणातील मधुमेहाचा निर्णय लघवीवरून होत नाही. त्यासाठी रक्ताचीच तपासणी करावी लागते. शासनाच्या २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानानुसार दरमहा ९ तारखेस गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी करण्यात येते. आशा कार्यकर्तीकडून ही तारीख लक्षात आणून घ्यावी व घरातील पुरुषांनी त्या दिवशी शेतातील काम बाजूस ठेवून सोबत जावे.

गोठ्यातील नाका

दुभत्या जनावरास होणारा दगडी अथवा कासदाह हा रोग शेतकऱ्याचे मोठे नुकसान करतो. कास सुजून दगडासारखी झाल्यावर रोग कोणासही कळतो. परंतु तोपर्यंत सड कायमचा बाद होण्याची भीती असते. त्यापूर्वी पुष्कळ दिवस रोग छुपा असतो. दूध दिसावयास चांगले असते, फक्त ते हळूहळू कमी होत जाते.

हा छुपा रोग ओळखण्याची ‘कॅलिफोर्निया चाचणी’ १९५७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यासाठी चार वाट्यांची एक पसरट पळी व जांभळट रंगाचे द्रावण लागते. धार काढण्यापूर्वी सड धुऊन पुसून कोरडे करावेत व पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या काढाव्यात. नंतर चारही सडांचे थोडे थोडे दूध चार निरनिराळ्या वाट्यांत घ्यावे, तेवढेच द्रावण मिसळावे व पळी गोल फिरवावी. निरोगी सडाचे मिश्रण पातळच राहते. रोगट सडाच्या दुधात पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात. द्रावणाने त्या फुटून मिश्रण चिकट व घट्ट होते, आणि दूध अल्कधर्मी झाले असल्यास जांभळा रंगही गडद होतो. अर्ध्या मिनिटाच्या आतच निकाल पाहावा. तपासलेले दूध फेकून द्यावे व पळी धुवावी.

नुकत्याच व्यालेल्या व आटत आलेल्या जनावराच्या दुधात या पेशी एरवीही अधिक असतात, म्हणून त्या काळातील निकालावर भिस्त ठेवू नये. कोणत्या सडात रोग आहे एवढे चाचणी सांगते; कोणते औषध द्यावे हे ती सांगत नाही. मनाने प्रतिजैविकांच्या नळ्या आणून सडात सोडण्याची सवय घातक आहे. पशुवैद्यकास दाखवावे, आणि उपचार चालू असता व त्यानंतर त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत ते दूध घरी वापरू नये किंवा डेअरीस घालू नये.

पाणवठ्यावरील काळी बाटली

पैनगंगेच्या खोऱ्यात पावसाळ्याच्या तोंडी विहिरी व बोअर यांच्या पाण्याची तपासणी फार अगत्याची असते. या कामी उपयोगी पडणारी एक सुलभ चाचणी भारतीय शास्त्रज्ञांनीच दिलेली आहे. ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा, मौर्य व राव यांनी ती १९८२ साली प्रसिद्ध केली. छोट्या बाटलीत औषध लावलेला कागद असतो. खुणेपर्यंत पाणी भरून बाटली उबदार जागी ठेवावयाची. पाण्यात विष्ठेतून आलेले जंतू असल्यास ते वाढताना हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात, त्याचा कागदावरील लोहाशी संयोग होतो व पाणी काळे पडते. एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले, तर त्या पाणवठ्याचे शुद्धीकरण होईपर्यंत पाणी उकळूनच प्यावे. काळ्या बाटलीत जंतूंची दाट वाढ झालेली असते. तीत ब्लीचिंग पावडरचे पाणी ओतून मगच ती नष्ट करावी व मुलांच्या हाती लागू देऊ नये.

गावच्या टाकीत टीसीएल पावडर टाकल्यानंतर जलसुरक्षक जी ओटी चाचणी करतात, तिचा रंग याच्या उलट बोलतो. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला, तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. रंग आला नाही तर शुद्धीकरण अपुरे आहे. म्हणजे येथे रंग येणे चांगले आणि बाटलीत रंग येणे वाईट. प्रत्येक चाचणीच्या रंगाचा अर्थ निराळा असतो, हे ध्यानात ठेवावे. तपासलेले पाणी मात्र पिऊ नये. शिवाय या दोन्ही चाचण्यांनी नायट्रेट किंवा फ्लोराइड कळत नाही; त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच धाडावा लागतो. जलजीवन मिशनमध्ये गावातील पाच स्त्रियांना पाणी तपासणीचे शिक्षण देण्याची योजना आहे. त्यांच्या वहीतील नोंदी ग्रामसभेपुढे वाचल्या गेल्या पाहिजेत.

नाकेदार जागा आहे ना?

चाचणी स्वतः शाबूत आहे की नाही, हेही पाहावे लागते. मे २०२१ मध्ये कोरोनाची घरच्या घरी करावयाची पहिली चाचणी देशात मान्य झाली. ती पुण्याच्या मायलॅब संस्थेने तयार केली होती. त्या पट्टीवर दोन रेघांच्या जागा होत्या. त्यांपैकी एक रेघ रोगाची नसून पट्टी नीट चालते की नाही हे दाखविणारी होती. ती न उमटल्यास सारी चाचणीच रद्द समजावयाची. लशीच्या कुपीवरील खूणही अशीच बोलकी आहे. वर्तुळातील चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल तोवर लस वापरता येते. उष्णता लागून तो वर्तुळाइतका गडद झाला की ती लस टाकून द्यावी लागते.

परदेशात २०१७ साली शरीरातील साखरेप्रमाणे रंग बदलणाऱ्या गोंदणाच्या शाईचे प्रयोगही झाले. ते प्रयोगच होत. शेतकऱ्याच्या हाती आज ज्या साध्या पट्ट्या आहेत, त्या नीट वापरणे अधिक अगत्याचे आहे. मुदत संपलेली पट्टी वापरू नये. डबी उन्हात अथवा चुलीजवळ ठेवू नये. कंदिलाच्या उजेडात रंग ठरवू नये. ज्यास रंग नीट ओळखू येत नाहीत, त्याने दुसऱ्यास दाखवावे. तारीख व निकाल वहीत लिहून ठेवावा.

संशयाचा रंग दिसल्यावर घरगुती उपायात वेळ दवडू नये. गरोदर स्त्रीसाठी १०२ व तातडीच्या वेळी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते; जनावरासाठी १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागता येते. पट्टीने गाडी थांबविली, एवढ्याने काम संपत नाही. ती पुढे दवाखान्यापर्यंत नेण्याचे काम घरच्या माणसांचे आहे, आणि ते त्याच दिवशी झाले पाहिजे.