नसण्याचाही नंबर असतो

उल्हासनगरात पत्ता सांगायचा तर तो नंबरांतच सांगावा लागतो. कॅम्प नंबर चार, बरॅक नंबर अमुक, खोली नंबर तमुक. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना इथल्या लष्करी बराकींत ठेवलं गेलं. १९४९ साली या कल्याण कॅम्पाला उल्हासनगर हे नाव मिळालं, पण बराकींचे नंबर टिकून राहिले. एक आकडा चुकला की पत्र भलत्याच दारात पडतं. आजाराचंही तसंच असतं, हे मला माझ्या थोरल्या भावाच्या आजारपणात कळलं.

भाईजान अंबरनाथला कारखान्यात होते. तरुणपणी त्यांना क्षय झाला. औषधांनी बरे झाले, पण डावं फुप्फुस आतून खराब होत गेलं. साठी उलटल्यावर खोकल्यातून रक्त पडू लागलं. सीटी स्कॅनमध्ये गाठीसारखं काही दिसलं आणि दाखल करताना फाइलवर ‘कॅन्सर’ आणि पुढे प्रश्नचिन्ह असं लिहिलं गेलं. डावं फुप्फुस पूर्ण काढावं लागलं. काही दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता, जुन्या क्षयानं निकामी झालेलं फुप्फुस होतं. घरात शुकराण्याची नमाज झाली.

त्यानंतर विमा कंपनीचं पत्र आलं. क्लेम थांबवला होता. रुग्णालयाचे कागद कॅन्सर म्हणत होते, रिपोर्ट नाही म्हणत होता. मुलानं कर्ज काढून बिल भरलेलं होतं.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मला त्या कागदांतलं काय कळणार? पण माझी बदलापूरची भाची ऐरोलीला मेडिकल कोडिंगचं काम करते. रोज ठाण्याला गाडी बदलून जाते आणि अमेरिकेतल्या रुग्णांच्या केसपेपरांना नंबर देते. तिनं कागद चाळले आणि म्हणाली, “मामू, प्रश्नचिन्हाला कोड नसतो. इथे ते गळून पडलंय.”

मग तिनं मला समजावलं, ते तुम्हालाही सांगतो. प्रत्येक मोठ्या उपचाराच्या कागदावर दोन प्रश्नांची उत्तरं लागतात. काय झालं होतं? आणि काय केलं? पहिल्याचं उत्तर आयसीडी या जागतिक वर्गीकरणात असतं. १८९३ साली फ्रान्सच्या झाक बर्तियों यांनी मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली. तिच्यातूनच हे वर्गीकरण वाढलं. १९४८पासून जागतिक आरोग्य संघटना ते सांभाळते. त्याच्या दहाव्या आवृत्तीत फुप्फुसाचा कॅन्सर म्हणजे सी ३४. वरचा भाग सी ३४.१, मधला सी ३४.२, खालचा सी ३४.३. उजव्या फुप्फुसाला तीन भाग, डाव्याला दोनच. म्हणून मधला भाग फक्त उजवीकडे. श्वसनसंस्थेच्या क्षयाचे मागे राहिलेले परिणाम असतील, तर नंबर बी ९०.९. भाईजानच्या कागदावर हा हवा होता, पडला होता सी ३४.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शस्त्रक्रियेच्या कोडमध्ये. आपल्याकडे विमा दाव्याच्या फॉर्मचा ‘भाग ब’ रुग्णालय भरतं, त्यात दोन्ही कोडसाठी रकाने आहेत. शस्त्रक्रियेचा कोड सात अक्षरांचा. डावं फुप्फुस छाती उघडून पूर्ण काढलं, तर ०बीटीएल०झेडझेड. पहिलं शून्य म्हणजे शस्त्रक्रिया, बी म्हणजे श्वसनसंस्था, टी म्हणजे अवयव पूर्ण काढणं, एल म्हणजे डावं फुप्फुस, पुढचं शून्य म्हणजे छाती उघडून. शेवटचे दोन झेड म्हणजे आणखी सांगण्यासारखं काही नाही. एलच्या जागी के पडला तर कागदावर उजवं फुप्फुस गेलं! टीच्या जागी बी पडला तर पूर्ण ऐवजी तुकडाच काढला, असा अर्थ होतो. शून्य आणि एक यांच्याशी घोटाळा होऊ नये म्हणून ओ आणि आय ही अक्षरं या पद्धतीत वापरतच नाहीत. कवितेतही एका मात्रेनं अर्थ फिरतो, पण तिथे कुणाचं कर्ज थकत नाही.

भाचीनं सांगितलं तसा आम्ही रुग्णालयाला अर्ज केला, सोबत पॅथॉलॉजीचा रिपोर्ट जोडला. दोन खेपा झाल्या. शेवटी दुरुस्त केलेलं डिस्चार्ज कार्ड आणि नवा ‘भाग ब’ मिळाला, आणि दीड महिन्यानं पैसे आले. पैशांपेक्षाही एक गोष्ट मोठी होती. तो सी ३४ तसाच राहिला असता, तर पुढच्या प्रत्येक डॉक्टरनं भाईजानला कॅन्सरचा रुग्ण समजूनच तपासायला सुरुवात केली असती.

म्हणून सांगतो, घरी निघण्यापूर्वी डिस्चार्ज कार्ड वाचा. निदान काय लिहिलंय, ते रिपोर्टशी जुळतं का, बाजू डावी की उजवी, अवयव पूर्ण काढला की भाग, एवढं तरी पाहा. रिपोर्ट नंतर येणार असेल तर तो आल्यावर कार्डात नोंदवून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार झाले, तरी तिथेही प्रत्येक उपचाराला ठरलेला नंबर आहेच.

भाईजान आता सकाळी अंबरनाथच्या शिवमंदिरापर्यंत सावकाश चालत जातात, चढ आला की थांबतात. परवा भाची म्हणाली, “मोठ्या मामूंचा आता कायमचा एक कोड आहे. झेड ९०.२.” म्हणजे काय, मी विचारलं. “फुप्फुस काढलेलं असणं.” जे उरलं नाही, त्याचीही नोंद ठेवावी लागते, नाहीतर उद्या एक्स-रे पाहणारा डॉक्टर डाव्या बाजूची ती पांढरी जागा पाहून पुन्हा घाबरवायचा. भाईजाननं तो नंबर एका चिठ्ठीवर लिहून घेतला आणि रेल्वेच्या पासमागे ठेवून दिला.