रॉक स्लायडर वेल्ड करताना चेसिसचं काय होतं?

रॉक स्लायडर म्हणजे दरवाज्यांच्या खाली, दोन्ही बाजूंनी चेसिसला जोडलेला जाड पाइप. गाडी दगडावर टेकली की मार पत्र्यानं न खाता या पाइपनं खावा आणि गाडी घसरत पुढे निघावी, एवढंच त्याचं काम. पाय ठेवायचा फूटस्टेप वेगळा. तो माणसाचं वजन घेतो, गाडीचं नाही.

बार्शीटाकळी तालुक्यात हा फक्त हौसेचा विषय नाही. एकीकडे काळ्या मातीतले पांदण रस्ते, दुसरीकडे चढावर उघडा पडलेला बेसॉल्ट. बोलेरो, थार अशा गाड्यांना शिडीसारखी स्वतंत्र चेसिस असते, त्यामुळे स्लायडर तिला थेट वेल्ड करता येतो. काम झालं की मालक जॅक लावून गाडी स्लायडरवर उचलून बघतो. पाइप वाकला नाही म्हणजे काम पक्कं!

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी इथंच थांबून विचार करायला हवा. ही चाचणी ‘स्लायडर किती मजबूत आहे?’ याचं उत्तर देते. पण ‘स्लायडर जोडल्यानं चेसिसचं आयुष्य किती बदललं?’ याबद्दल ती काहीच सांगत नाही. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, कारण पाइप तुटला तर नवीन लावता येतो. चेसिसला तडा गेला तर गाडीच धोक्यात.

छोटा जोड, मोठा अपघात

२७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात ‘अलेक्झांडर किलँड’ हा नॉर्वेचा तरंगता प्लॅटफॉर्म उलटला. त्यावर २१२ लोक होते, त्यांतले १२३ गेले. चौकशीत काय दिसलं? एका आधारदांड्याला हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला आवाज टिपणारं उपकरण, बसवण्यासाठी एक छोटा भाग वेल्ड केला होता. जेमतेम ६ मिलिमीटरच्या त्या फिलेट वेल्डपासून तडा सुरू झाला, लाटांच्या माऱ्यानं वाढत गेला आणि शेवटी दांडाच तुटला. तो छोटा भाग प्लॅटफॉर्मचं वजन पेलत नव्हता. तो फक्त जोडलेला होता.

स्लायडरची प्लेट चेसिसला जोडतो तेव्हा आपणही तत्त्वतः तेच करत असतो.

तडा कुठून सुरू होतो?

वेल्ड जिथं संपतं आणि मूळ धातू सुरू होतो, त्या काठाला ‘टो’ म्हणतात. तिथं तीन गोष्टी एकत्र येतात. आकार अचानक बदलतो, म्हणून ताण एकवटतो. वितळलेला धातू थंड होताना आक्रसतो, म्हणून आत कायमचा खेच राहून जातो. आणि काठावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक खाचा असतात. साध्या लोखंडात तडा पडायलाच बराच काळ लागतो. वेल्डमध्ये तो जणू आधीच पडलेला असतो, फक्त वाढायचा बाकी असतो.

यातून एक अनपेक्षित गोष्ट निघते. इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वेल्डिंगच्या शिफारशींमध्ये, वेल्ड जसं केलं तसंच ठेवलं तर थकव्याचा दर्जा स्टीलच्या ताकदीनुसार बदलत नाही. म्हणजे महाग, उच्च ताकदीचं स्टील वापरून टो वाचत नाही.

दुसरी गोष्ट, वेल्डचं आयुष्य ताणातल्या चढउताराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतं. चढउतार दुप्पट झाला तर आयुष्य एक-अष्टमांश. तो २० टक्क्यांनी कमी केला तर आयुष्य जवळपास दुप्पट. त्यामुळे वेल्ड कुठं करायचं, हा निर्णय पाइपच्या जाडीपेक्षा मोठा ठरतो. चेसिस वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण तिच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर येतो, उभ्या बाजूच्या मध्यावर कमी. म्हणून प्लेट उभ्या बाजूवर घ्यायची आणि पट्टीवर आडवं वेल्ड टाळायचं.

प्लेट लांब की आखूड?

कारागीर म्हणेल, प्लेट लांब घ्या, भार पसरतो. बरोबर आहे. दगडाचा धक्का पाइपमधून चेसिसवर येतो तेव्हा लांब प्लेट तो जास्त जागेवर वाटते.

पण गाडी दगडावर क्वचित टेकते आणि चेसिस रोज प्रत्येक खड्ड्यात वाकते. त्या वाकण्याच्या दृष्टीनं लांब प्लेट वाईट. याच शिफारशींमध्ये, लांबीच्या दिशेनं जोडलेली पट्टी ५० ते १५० मिलिमीटर लांब असेल तर दर्जा ७१ आहे, ३०० च्या पुढे ५०. हा आकडा म्हणजे २० लाख आवर्तनं सोसता येतील असा मेगापास्कलमधला चढउतार. दोन्हींचं गुणोत्तर घेऊन घन करा: तेवढ्याच ताणाला आखूड पट्टीचं आयुष्य सुमारे २.९ पट येतं. आपली प्लेट या नमुन्यातल्या पट्टीसारखी हुबेहूब नसते, त्यामुळे आकडा जसाच्या तसा उचलू नका, दिशा लक्षात घ्या.

म्हणजे एका भाराला लांब प्लेट चांगली, दुसऱ्याला आखूड. अशी ओढाताण सापडली की समजा, संशोधनाचा प्रश्न हाती लागला.

कामाच्या वेळी

आधी कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच अधोरेखित केलं. म्हणून आरटीओत विचारल्याशिवाय वेल्डिंगला हात लावू नये.

मग बॅटरीच्या वायरी काढा, इंधन आणि ब्रेकच्या नळ्या कुठून जातात ते बघा, अर्थिंगचा क्लँप वेल्डच्या जवळ लावा. पाइप काळा घ्या, जीआय नको. जस्त ९०७ अंशांला उकळतं, लोखंड वितळतं १५०० च्या आसपास. म्हणजे जस्ताचा धूर होणारच, आणि तो छातीत गेला की ताप भरतो. ७०१८ रॉड वापरणार असाल तर तो कोरडाच हवा. पावसाळ्यात उघडा राहिलेला रॉड ओल धरतो, त्या ओलीतून हायड्रोजन वेल्डमध्ये जातो आणि नंतर तडे पडू शकतात. असा रॉड साधारण ३०० ते ३५० अंशांवर भाजून घेतात.

चिखलाखालचा गंज

आता संरक्षण. आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी धरून ठेवते. स्लायडर आणि चेसिसच्या फटीत बसलेलं ढेकूळ वरून वाळतं, आतून ओलं राहतं. मातीखाली प्राणवायू कमी, कडेला जास्त. या फरकामुळे छोटी विद्युतघटच तयार होते आणि लोखंड कमी प्राणवायूच्या जागी, म्हणजे ढेकळाखाली, विरघळतं.

हे पाहायचं असेल तर इव्हान्स यांचा थेंबाचा प्रयोग करा. घासलेल्या लोखंडावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवा, त्यात फिनॉल्फ्थॅलिन आणि पोटॅशियम फेरिसायनाइड थोडं. काही वेळानं मध्य निळा होतो, कड गुलाबी. निळं म्हणजे तिथं लोखंड विरघळतंय.

म्हणून वेल्डवरचा स्लॅग आणि शिंतोडे पूर्ण काढून, जस्तयुक्त किंवा इपॉक्सी प्रायमर मारून मगच वरचा रंग द्यावा. पाइपला खालून निचऱ्याची भोकं ठेवावीत आणि आत मेण फवारावं. पावसाळ्यात फटीतला चिखल धुवावा. दगडानं रंग खरवडला तर लगेच लावून टाकावा, कारण गंजाचा खड्डा म्हणजे टोवर आणखी एक खाच.

यातून प्रकल्प करायचा असेल तर

एकच बदल ठेवा, समजा प्लेटची लांबी. स्टील, रॉड, वेल्डर, करंट तेच. थकव्याच्या चाचणीत सारख्या दिसणाऱ्या नमुन्यांचंही आयुष्य कित्येक पट वेगळं येतं, म्हणून प्रत्येक लांबीचे आणि ताणाच्या प्रत्येक पातळीचे अनेक नमुने लागतात. जो नमुना तुटलाच नाही, त्याची नोंद फेकू नका. ‘इतकी आवर्तनं झाली, अजून टिकून आहे’ हीसुद्धा माहितीच आहे आणि ती हाताळायच्या सांख्यिकी पद्धती उपलब्ध आहेत. ती वगळली तर सरासरी आयुष्य खोटं कमी दिसेल.

आणि सुरुवात करण्याआधी एक वाक्य वहीत लिहून ठेवा: मी नक्की कशाचं आयुष्य मोजतोय, पाइपचं, वेल्डचं की चेसिसचं? गाईडचा पहिला प्रश्न बहुधा हाच असेल.