बोंबील-सुकट खायची का? माशातल्या किरणोत्साराची भीती किती खरी, किती खोटी

मांडवगण फराटा (ता. शिरूर) : समुद्र इथून दूर असला तरी सुकट, जवळा आणि बोंबील भीमाकाठच्या गावांतही चुलीवर चढतातच. त्यामुळे "समुद्रात अणुभट्टीचं पाणी सोडलंय, मासे खाऊ नका" असं कुणी सांगितलं की घरात चर्चा होणारच. यात तथ्य किती?

जपानमधल्या फुकुशिमा अणुप्रकल्पात २०११ साली भूकंप आणि त्सुनामीमुळे मोठी दुर्घटना झाली. तिथलं प्रक्रिया केलेलं पाणी २४ ऑगस्ट २०२३ पासून समुद्रात सोडलं जात आहे. आपल्याकडे पालघर जिल्ह्यात तारापूरला १९६९ पासून अणुवीज प्रकल्प चालू आहे. डहाणू आणि सातपाटी ही मासेमारीची गावं त्याच किनारपट्टीवर आहेत. तिथले पाणी, मासे, दूध, भाजीपाला यांचे नमुने भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रयोगशाळा नियमित तपासते.

पोटात गेल्यावर काय होतं?

बाहेरून येणाऱ्या किरणांपासून लांब जाता येतं. पण किरणोत्सारी कण अन्नातून पोटात गेला, की तो बाहेर पडेपर्यंत आतूनच मारा करतो. प्रत्येक कणाची जागा ठरलेली असते. आयोडीन-१३१ गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठतं, म्हणून लहान मुलांना त्याचा धोका जास्त. स्ट्रॉन्शियम-९० कॅल्शियमसारखं वागतं आणि हाडात बसतं. सीझियम-१३७ स्नायूंत पसरतं. मोठ्या माणसाच्या शरीरातून त्यातलं निम्मं बाहेर पडायला साधारण १०० दिवस लागतात. मात्रा जास्त झाली तर पुढे कर्करोगाची शक्यता वाढते.

हिशोब मात्रेचा

सर्वसामान्य माणसासाठी अणुप्रकल्पांमुळे होणाऱ्या किरणोत्साराची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. जपानमध्ये किलोमागे १०० बेकरेलपेक्षा जास्त सीझियम असलेला मासा विकता येत नाही. अगदी त्या मर्यादेवरचा मासा कुणी वर्षभरात २० किलो खाल्ला, तरी मात्रा ०.०३ मिलिसिव्हर्टच्या आतच राहते. पण मे २०२३ मध्ये फुकुशिमाच्या बंदरातच पकडलेल्या एका माशात किलोमागे १८,००० बेकरेल सीझियम सापडलं. तसा मासा चार-साडेचार किलो खाल्ला तर वर्षाची मर्यादा संपते. म्हणूनच तपासणी महत्त्वाची.

किरणोत्सार निसर्गातही आहे. आपल्या शरीरातल्या पोटॅशियममध्येच सुमारे ४,००० बेकरेल असतात. समुद्री माशांत पोलोनियम-२१० हे द्रव्यही मुळातच सापडतं.

हे लक्षात ठेवा

- शिजवून, तळून किंवा वाळवून किरणोत्सार मरत नाही. उलट मासा वाळला की पाणी उडतं, त्यामुळे किलोमागचा आकडा वाढतो.
- मासा दूषित आहे की नाही, हे वास, रंग किंवा चवीवरून कळत नाही. ते यंत्रच सांगतं.
- आयोडीनच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्या फक्त थायरॉइडपुरत्या असतात आणि दुर्घटनेच्या वेळी प्रशासनाने सांगितल्यावरच घ्यायच्या असतात.

थोडक्यात, नुसत्या अफवेवर ताटातली सुकट बाजूला सारायचं कारण नाही. बाजारात घेताना ती कोरडी आहे ना, बुरशी तर नाही ना, एवढं मात्र जरूर बघावं.