पीस लिलीने मान टाकली तर

परवा शेजारच्या काकू पीस लिलीची कुंडी घेऊन आल्या. सगळी पानं लुळी पडलेली. "रोज तांब्याभर पाणी घालते गं, तरी सुकतंय!"

मातीत बोट खुपसलं तर खाली चिखल. झाड अलगद बाहेर काढलं. मुळं तपकिरी, चिमटीत धरताच साल निसटून येत होती.

पाणी कमी पडलं तरी पानं लोंबतात आणि जास्त झालं तरी. कुजलेलं मूळ पाणी ओढूच शकत नाही. म्हणून आधी माती तपासा, मग पाणी.

माती कोरडी असेल तर कुंडी अर्धा तास बादलीभर पाण्यात ठेवून निथळू द्या. बहुतेक वेळा काही तासांत पानं ताठ होतात. मुळं कुजली असतील तर मऊ भाग कापून नव्या मातीत लावा.

आपल्या जालन्याची काळी माती कपाशीला उत्तम, कुंडीत मात्र नको. ओली झाली की चिकट, वाळली की भेगा. मी कोकोपीट, गांडूळखत आणि जाड वाळू मिसळते.

हे झाड मूळचं दमट जंगलातलं, सावलीत वाढणारं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो, हवा कोरडीठाक. पश्चिमेची खिडकी आणि कूलरचा थेट झोत टाळा. बोअरच्या जड पाण्याने क्षार साचून टोकं करपतात. पावसाचं पाणी साठवता आलं तर फारच छान.

झाडाचा फोटो टाका, पाणी कधी घालता तेही लिहा. नक्की सांगते.