हातांनाही शाळा हवी



लावणी ऐन रंगात येते आणि नेमका पॉवर टिलर बंद पडतो. बिघाड असतो कचरा अडकलेल्या फिल्टरचा, पण मेकॅनिक येईपर्यंत दिवस वाया जातो. घरात दहावी झालेला मुलगा असतो, बारावीतली मुलगी असते. पण यंत्राला हात लावायला त्यांना कोणी शिकवलेलंच नसतं. पुढे हीच मुलं कंपनीच्या गेटावर कंत्राटी कामासाठी उभी राहतात, आणि तिथे पहिला प्रश्न येतो, "काम काय येतं?"

याचं उत्तर पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावानं शोधलं. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातले शास्त्रज्ञ. मुंबईतली मोठ्या कंपनीतली संशोधनाची नोकरी सोडून ते या कोरडवाहू गावात आले आणि 1983 साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचं म्हणणं साधं होतं : हातानं काम करता करता डोकं शिकतं.

त्यातूनच हायस्कूलसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय तयार झाला. आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस प्रत्यक्ष काम करतात. कामाचे भाग चार : शेती-पशुपालन, कार्यशाळा म्हणजे लोखंड-लाकूड-बांधकाम, ऊर्जा-पर्यावरण आणि घर-आरोग्य. महत्त्वाचं म्हणजे चारही भाग सगळ्यांना. मुलगी वेल्डिंग करते, मुलगा चिक्की बनवतो. शिकवायला गावातले कारागीरही येतात.

"मग अभ्यासाचं काय?" असं तुम्ही विचाराल. अहो, हाच अभ्यास. एक उदाहरण घ्या. गाईला जंताचं औषध वजनावर द्यायचं असतं, पण गाय काट्यावर कशी चढवणार? टेपनं छातीचा घेर इंचात मोजा. खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि त्याला 660 नं भागा. घेर 60 इंच, लांबी 50 इंच असेल तर वजन साधारण 273 किलो. वहीतला गुणाकार-भागाकार गोठ्यात उपयोगाला आला की मुलगी तो विसरत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या भाताचं. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवायचं आणि त्यात बियाणं सोडायचं. पोचट दाणे तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाचं बी स्वच्छ पाण्यानं दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं आणि मग पेरायचं. मिठाच्या पाण्यात हलका दाणा का तरंगतो, हा विज्ञानाचा धडा राबाच्या आधीच होऊन जातो.

काही आया म्हणतात, "शेतातून सुटावं म्हणून तर शाळेत घातलं, तिथेही चिखलच?" तुमचं दुखणं खरं आहे. पण राबणं वेगळं आणि शिकणं वेगळं. राबताना फक्त पाठ वाकते. शिकताना का आणि कसं, हे कळतं. ज्याला ते कळतं तो शेतीत राहो की कारखान्यात जावो, कुठे अडत नाही.

तर मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. पालक सभेत चौघीजणी मिळून जा आणि मुख्याध्यापकांना विचारा : आमच्या शाळेत हाताच्या कामाचा तास आहे का? असेल तर मुलींना पाना-पकड हातात मिळते का, की त्यांच्याकडे फक्त झाडू येतो? शिवाय गटातली जी ताई कलम बांधते, शिलाई मशीन दुरुस्त करते, तिनं महिन्यातून एक तास शाळेला द्यावा. मात्र यंत्र बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही आणि वेल्डिंग चष्म्याशिवाय करायचं नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवायचं.

येत्या लावणीत टिलर अडला, तर फिल्टर उघडणारे हात आपल्याच घरातले असोत.